सात आले, सात गेले

माझी जीभ वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल की बाई तोंडाळ होती. तोंडाळ नव्हते. मला विनोद सुचायचे, एवढंच. ते सुचायचे म्हणून मी नागावला माहेरी मान वर करून राहू शकले, नाहीतर लोकांनी कीव करून करून मला मारलं असतं.

लग्नानंतर दोन वर्षांनी माझे यजमान आगबोटीवरच्या नोकरीला लागले आणि आफ्रिकेकडे गेले. पहिल्या वर्षी पत्रं आली, दुसऱ्या वर्षी एक आलं, मग नाही. सासरच्यांनी मला माहेरी आणून सोडलं ते 'चार दिवस राहून ये' म्हणून. ते चार दिवस अजून संपायचे आहेत. मी विधवा नव्हते, आणि सवाष्ण आहे हे कपाळावरच्या कुंकवाखेरीज कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. दुपारच्या वेळी आमच्या वाडीत शेजारच्या बायका यायच्या. नारळीच्या झावळ्यांची झापं विणता विणता आवाज खाली आणून विचारायच्या, "काही पत्र?" पहिल्यांदा मी रडले. दुसऱ्यांदाही रडले. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "अहो, त्यांची बोट नुसती गोल गोल फिरतेय. कप्तानाला दिशा सापडली की येतील."

बायका आधी दचकल्या. मग पदर तोंडाला लावून अशा हसल्या की झापं तशीच राहिली. त्या दिवसानंतर मला कुणी हळू आवाजात विचारलं नाही. मोठ्याने विचारायच्या, "काय गं, कप्तान काय म्हणतो?" मीही काहीतरी ठोकून द्यायची. कीव करायला आलेलं माणूस हसत परत जातं हे मला कळलं, आणि ती चावी मी कमरेला लावून टाकली.

मग लग्नांची बोलावणी येऊ लागली. किहीमपासून रेवदंड्यापर्यंत कुणाच्या मुलीचं लग्न निघालं की रुखवताला मी हवीच. मुलीकडच्या बायका फराळाची ताटं घेऊन नवऱ्या मुलाच्या बिऱ्हाडी जायच्या. एकेका ताटावरचं फडकं उचलताना दोन ओळी म्हणायच्या, आणि त्या दोन ओळींत विहिणीची, तिच्या गावाची, नवऱ्या मुलाच्या नाकाडोळ्यांची यथेच्छ उडवायची. करंजीत सारणाऐवजी कोंडा असायचा. जावईबापूंच्या पाटावर चादर अंथरून तिच्याखाली पापड लपवायचे, ते बसले की कडकड आवाज व्हायचा आणि सगळा मांडव हसायचा. नियम एकच होता. रुखवतातल्या बोलण्याचा राग धरायचा नाही. जो रागावला तो हरला.

तेव्हा एकंदरच हसण्याला बरे दिवस आले होते. मुंबईहून येणाऱ्या मासिकांत विनोदाची वेगळी पानं असायची. ज्यांच्याकडे फोनो होता त्यांच्या ओटीवर नकलांच्या तबकड्या लागायच्या. शिकलेली माणसं सांगू लागली होती की ज्याला हसता येत नाही तो जुनाट, त्याला नवा काळ कळलाच नाही. मला ते ऐकून बरं वाटायचं. आयुष्यात एवढ्या एका बाबतीत तरी मी नव्या काळाबरोबर होते.

माझी धाकटी बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. ती उंच होती. मुलीच्या जातीला नको इतकी उंच. वाडीतली कामकरीण तिला लाडाने म्हणायची, "बाय, तुला पोफळीवर चढाया शिडी न्हाय लागायची." धाकटी त्यावर हसायची. मग स्थळं येऊ लागली आणि तिचं हसणं कमी झालं. पहिला मुलगा बघून गेला आणि निरोपच आला नाही. दुसऱ्याच्या आईने तिला दाराच्या चौकटीला लावून उभी केली आणि मुलाकडे बघून मान हलवली. तिसऱ्याने दोनदा मागून पोहे खाल्ले आणि रेवदंड्याला पोचल्यावर कळवलं की मुलगी डोईजड दिसते. त्यानंतर धाकटी खांदे पाडून चालायला लागली. आईने किती पाठीत धपाटे घातले, पण ती काही सरळ झाली नाही.

चौथं स्थळ श्रीवर्धनचं. मुलगा शाळामास्तर, स्वतः चांगला उंच, जाड भिंगांचा चष्मा, घरची पोफळींची बाग. वडिलांनी मध्यस्थाकरवी सांगितलं होतं, "आम्ही मुलगी अजून कुणाला दाखवलेलीच नाही." असं सगळेच सांगतात. मास्तरांनी तिला पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि तिथेच होकार दिला. धाकटी आत येऊन माझ्या गळ्यात पडली. म्हणाली, "ताई, त्यांनी मला उभं राहायलाच सांगितलं नाही गं."

मिठाच्या चळवळीच्या आदल्या वैशाखात लग्न झालं. वऱ्हाड शेजारच्या घरी उतरलं होतं. मी अकरा ताटांसाठी ओळींच्या अकरा जोड्या तयार ठेवल्या होत्या आणि त्या दिवशी माझ्या जिभेवर सरस्वती नाचत होती. श्रीवर्धनच्या सुपारीवर बोलले, मास्तरांच्या छडीवर बोलले, विहीणबाईंच्या नथीवर बोलले. त्यांच्याकडच्या बायका उत्तरं द्यायला उभ्या राहायच्या आणि हसून खाली बसायच्या. अकराही ताटं झाली. तरी मागून आरडाओरडा, "आणखी एक! ताई, आणखी एक!" मला थांबवेना. कुठून सुचलं कोण जाणे, मी रिकाम्या ताटावरचं फडकं उचलल्यासारखं केलं आणि म्हटलं,

"सात आले, सात गेले, चहापोहे खाऊन,
आठव्याने होकार दिला चष्मा घरी ठेवून!"

असा हशा मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. मास्तर स्वतः चष्मा काढून डोळे पुसत होते. विहीणबाई तर इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या, "सात का? बरं झालं बाई सांगितलंत." पुन्हा हशा. मी वळून पाहिलं तर माझी आई हसत नव्हती. वडील आधीच मांडवाबाहेर गेले होते. धाकटी मुंडावळ्या बांधून आमच्याकडच्या खोलीत बसली होती, तिच्यापर्यंत हशा पोचला होता, ओळी नंतर पोचल्या.

तीनाचे सात का केले, असं मला आईने त्या संध्याकाळी विचारलं. मी काय सांगणार? तीनाला कोण हसतं? तीन जण बघून जाणं हे घरोघरचं. सात म्हटलं की हसू येतं. बोलणाऱ्याला हे आतून कळतं, त्याला विचार करावा लागत नाही. आई म्हणाली, "उचलली जीभ आणि लावली टाळ्याला." मी म्हटलं, "अगं, रुखवतातलं आहे ते, कोण धरून बसतंय?" खरंच सांगते, मला तसंच वाटत होतं.

दिवाळसणाला धाकटी आणि मास्तर आले. मास्तर मोकळे, बोलके. फराळ करता करता मला म्हणाले, "ताई, तुमच्या त्या दोन ओळी आमच्या घरात अगदी मुक्कामाला आल्या आहेत. हिला सगळे 'आठव्याची' म्हणतात. परवा भाकरी करपली तर आई म्हणाली, उगीच नाही सातांनी परत केली! मी तर हसून हसून पडलो." मग ते जरा गंभीर झाले आणि म्हणाले, "विनोदबुद्धी फार मोठी गोष्ट आहे बघा. आमच्या घरात भांडण नाही, आदळआपट नाही. जे काय बोलायचं ते थट्टेत."

मी हसले. लपवत नाही, मला आधी बरं वाटलं. माझ्या ओळी एवढ्या लांब गेल्या, टिकल्या. मग माझं लक्ष धाकटीकडे गेलं. तीही हसत होती. ओठ मिटून, खाली बघून, पाहुण्यांसमोर हसावं तशी. खांदे पूर्वीपेक्षा पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर आम्ही दोघीच होतो. मी विचारलं, "त्रास देतात का गं?"

"कोण? छे. मारत नाहीत, टाकून बोलत नाहीत, जेवायला पोटभर. फक्त हसतात."

"मग सांगायचं ना, तीनच होते म्हणून."

"सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, अगं, सख्खी बहीण का खोटं बोलेल? आणि मला राग आला तर ते म्हणतात, तुला विनोद कळत नाही." तिने कळशी कमरेवर घेतली. "ताई, ते तू आधी जुळवून आणलं होतंस, की तिथे सुचलं?"

"तिथे सुचलं."

"बरं," ती म्हणाली आणि चालायला लागली.

तिने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी परत चार घातल्या असत्या, दोघी रडलो असतो, मोकळ्या झालो असतो. ती बरं म्हणाली. मला लाज वाटली. फार लाज वाटली. आणि त्या दिवसानंतर मला विनोद सुचेनासा झाला. पुढच्या दोन लग्नांत मी जुन्याच ओळी म्हटल्या, कुणाच्या लक्षात आलं नाही.

वर्षभराने धाकटीला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. आईने डिंक आणून ठेवला, बाळंतिणीची खोली सारवली. तर धाकटीचं पत्र आलं की मी इकडेच राहते, काळजी नसावी. आईने ते पत्र माझ्यापुढे टाकलं. पहिलटकरीण मुलगी माहेरी यायचं नाही म्हणते, हे आईला चारचौघींत कुठल्या तोंडाने सांगायचं होतं? आणि ती का येत नाही हे घरात तिघांनाही माहीत होतं.

तेव्हा मी ठरवलं की हे मी घातलं आहे, मीच काढणार. श्रीवर्धनला डोहाळजेवण होतं. त्याच बायका जमणार होत्या. ज्यांच्यासमोर सात म्हटलं त्यांच्यासमोर तीन म्हणायचं, माफी मागायची, आणि धाकटीला घेऊन यायचं. वाडीतल्या कामकरणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ताई, नारळ पडला म्हंजे पडला. परत वर लावता येतोय व्हय?" मी तिच्यावर खेकसले. रेवदंड्याहून आगबोट धरली. वाटेत उलट्या झाल्या. श्रीवर्धनला बोट समुद्रातच थांबते, तिथून होडीत उतरून किनाऱ्याला लागायचं. साडी गुडघ्यापर्यंत भिजली. तशीच गेले.

धाकटीला झोपाळ्यावर बसवलं होतं. हिरवी साडी, अंगावर फुलांची वाडी, चेहरा पिवळा. विहीणबाई पुढ्यात पानाचं तबक घेऊन सुपारी कातरत होत्या. मला बघताच कुणीतरी ओरडलं, "आल्या आल्या, रुखवतवाल्या ताई आल्या! आता करमणूक!"

मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच म्हटलं, "मला एक सांगायचंय. लग्नात मी म्हटलं ते खोटं होतं. सात नव्हते. माझ्या बहिणीला तिघांनीच पाहिलं होतं. मी हशा मिळावा म्हणून सात केले. माझं चुकलं."

विहीणबाईंचा अडकित्ता थांबला. मग त्या म्हणाल्या, "अगंबाई! सातावरून तीनावर आल्या! संध्याकाळपर्यंत एकावर येतील." आणि हशा फुटला.

"मी थट्टा करत नाहीये," मी म्हटलं.

"ही बघा, ही बघा, कसं तोंड करते!" एक म्हातारी दुसरीला दाखवत होती. "हसत नाही स्वतः, म्हणून तर मजा!"

मी ओरडले. खरंच ओरडले, "देवाशप्पथ सांगते, तीनच!" त्या जास्तच हसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. इतकी वर्षं मी ज्यांना हसायला शिकवलं होतं, त्यांना माझं दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. माझे डोळे भरून आले तर एकीने टाळी दिली, "नाटकात घ्या हो हिला!" मी विहीणबाईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या, पण डोळे माझ्यावर स्थिर होते. त्यांना कळलं होतं. त्या एकटीला सगळं कळलं होतं. त्यांनी पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

तेवढ्यात झोपाळ्यावरून आवाज आला. धाकटी बोलत होती. स्वच्छ, चढा आवाज, मान वर करून.

"सात आले, सात गेले, चहापोहे खाऊन,
आठव्याने होकार दिला चष्मा घरी ठेवून!"

टाळ्याच टाळ्या. "वा गं वा! बहिणीला बहीण शोभते!" मला कुणीतरी हाताला धरून खाली बसवलं, हातात पन्ह्याचा पेला दिला. सुटका झाली. तिने माझी सुटका केली आणि स्वतःवर कायमचा शिक्का मारून घेतला. मी पन्हं प्यायले. आत काहीच हललं नाही. पुढे कुणीतरी डोहाळ्यांची गाणी म्हटली, मीही टाळ्या वाजवल्या असणार.

निघताना मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर. मी पाया पडते."

ती म्हणाली, "नको ताई. इथे आता सवय झालीय. तिकडे आले की तू माझ्याकडे सारखी बघत बसशील, आई तुझ्याकडे बघेल, आणि कुणीच काही बोलणार नाही. त्यापेक्षा हे बरं." तिने माझ्या पदराला लागलेली वाळू झटकली. मी एकटीच होडीत बसले.

तिला मुलगी झाली, श्रीवर्धनलाच. सगळं नीट पार पडलं. माझी आई बारशाला गेली, मी गेले नाही. रुखवताला जाणंही मी सोडलं. लोक म्हणायचे, हिचं वय झालं, आता सुचत नाही. असू दे. हसतील त्यांचे दात दिसतील. माझं मन इतकं बधिर झालं होतं की लोकांच्या बोलण्याने मला बरंही वाटायचं नाही आणि वाईटही वाटायचं नाही. एक कप्तानाचा विनोद तेवढा ठेवला होता, कारण पत्राचं विचारणारं कुणी ना कुणी असायचंच, आणि तिथे मला दुसरं उत्तर नव्हतं.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे तिसाचं दशक सरता सरता, धाकटी पहिल्यांदा महिनाभर राहायला आली. मुलगी आठ वर्षांची, आईसारखीच उंच, पण पाठीचा कणा ताठ. एका दुपारी आम्ही मागच्या पडवीत बसलो होतो. धाकटी विळीवर नारळ खवत होती, मी पुढचा सोलत होते. शेजारची एक बाई ताक न्यायला आली आणि मुलीला म्हणाली, "केवढी वाढलीस गं! आईवर गेलीस."

मुलगी ऐटीत म्हणाली, "माझ्या आईला सात जण बघून गेले होते."

"तीन," मी म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं.

मुलीने आईकडे पाहिलं. धाकटीचा हात थांबला नाही. "सातच गं," ती म्हणाली, "मावशीला आठवत नाही." शेजारीण हसली आणि ताक घेऊन गेली.

मी हातातल्या नारळाची शेंडी उपटून काढली. मग म्हटलं, "मुलीलासुद्धा तेच सांगतेस? तुला ठाऊक आहे ना खरं काय ते?"

धाकटीने खोबऱ्याची वाटी फिरवून घेतली. "तीन म्हटलं की ते तिघं आठवतात, ताई. दाराची चौकट आठवते. सात म्हटलं की कुणीच आठवत नाही."

ती हे रागाने म्हणाली नाही. मला क्षमा केली म्हणूनही म्हणाली नाही. मला माझाच कप्तान आठवला. तो गोल गोल फिरतो तोवर मला कुणाचा चेहरा आठवावा लागत नाही. मी बहिणीला दुसरं काही दिलं नव्हतं, माझ्याजवळ होतं तेच दिलं होतं, आणि तिने ते माझ्यासारखंच वापरायला घेतलं होतं. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

मुलगी आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती. तिला कंटाळा आला असावा. माझ्याजवळ सरकून म्हणाली, "मावशी, काका कुठे असतात?"

कप्तान जिभेवर आला होता. धाकटीने मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे थेट पाहिलं. मी नारळ खाली ठेवला.

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं.

पोर खदखदून हसली. मावशी फार विनोदी आहे, असं तिच्या आईने तिला सांगून ठेवलं होतं.